आडवी बाटली

सोमवारीही साधना स्टॉपवर आली नाही, तेव्हा करुणा संध्याकाळी हट्ट्याच्या बसमधून उतरली ती घरी न जाता सरळ तिच्याकडेच गेली.

साधनाच्या बापाच्या, माऊलीच्या, अंगणात पहिल्या वाफ्यांची ओली हळद येऊन पडली होती. तिची आई मंजुळाबाई पोत्यावर बसून गड्ड्यांची हळकुंडं मोडत होती. हात कोपरापर्यंत पिवळे, नखांत काळी माती. करुणा अंगणाच्या कडेला उभी राहिली.

"काकू, साधना आजारी हाय का?"

"बरी हाय." मंजुळाबाईनं मान वर केली नाही.

"मंग काहून येत न्हाई? परीक्षा जवळ आली."

गोठ्यातून माऊली बादली घेऊन आला. त्यानं बादली खाली ठेवली, धोतराला हात पुसले. "ती न्हाई येनार आता कॉलेजात. दारूचं दुकान हाय तवर माझी पोरगी त्या स्टॉपवर उभी राहनार न्हाई. तू जाय घरी."

दाराच्या आत साधना उभी होती. तिनं करुणाकडे पाहिलं आणि ती आत सरकली.

शनिवारी जे झालं तेव्हा करुणा तिथंच होती. करंजवाडीचा स्टॉप म्हणजे रस्त्याच्या कडेचा निंब, आणि निंबाच्या मागं पत्र्याचं देशी दारूचं दुकान. बसची वाट पाहणाऱ्यांना सावली हवी तर दुकानाकडे पाठ करून उभं राहावं लागे. त्या दिवशी परगावच्या एका माणसानं मागून येऊन साधनाची ओढणी ओढली, ती खाली टाकून ओढणीवरच मांडी घालून बसला आणि "आता जा कशी जाती ते" म्हणाला. बाकीचे हसले. दुकानाच्या खिडकीमागून करुणाचा बाप, प्रेमानंद, लंगडत बाहेर आला. त्यानं त्या माणसाला काखेत धरून उठवलं, ओढणी झटकली आणि साधनाच्या हातात दिली. तोवर बस निघून गेली होती. साधना घरी गेली ती गेलीच.

प्रेमानंद त्या दुकानात कामाला होता. मळणीयंत्रात त्याचा उजवा पाय सापडला, तेव्हापासून शेतातलं काम सुटलं. पाय राहिला, पण घोट्यापासून वाकडा. दुकानाचा मालक दगडोबा म्हणाला, बसून काम हाय, येतो का. दगडोबाची हळद नदीकाठानं नजर जाईल तिथवर होती, हळद शिजवायचा कुकर गावात त्याच्या एकट्याचाच होता, आणि अर्ध्या गावाचे हात त्याच्या शेतात चालत. प्रेमानंद खिडकीत बसून बाटल्या देऊ लागला. स्वतः कधी तोंडाला लावली नाही. तरी घरी येताना अंगाला वास यायचाच. अंगणात दगडावर बसून तो हात-पाय धुवायचा आणि मगच भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीखाली टेकायचा.

"बाबा," करुणा त्या संध्याकाळी म्हणाली, "साधनाचं कॉलेज बंद केलं त्यायनं."

"आयकलं."

"मालक काही म्हणले का तुमाला? शनवारी?"

प्रेमानंदनं पंच्यानं पाय पुसला. "म्हणले, गिऱ्हाइकाच्या अंगाला हात लावत जाऊ नको."

चुलीपाशी करुणाची आई, बेबीबाई, भाकरी थापत होती. ती थापायची थांबली.

*

बाटली आडवी करता येते हे करुणाला शकुंतलाबाईनं सांगितलं. शकुंतलाबाई अंगणवाडी चालवायची. तिच्या माहेरच्या गावात बायांनी मतदान करून दुकान उठवलं होतं.

"मतपत्रिकेवर दोन चित्रं असत्यात," ती म्हणाली. "एक उभी बाटली, एक आडवी. उभी म्हंजी दुकान राहू द्या. आडवी म्हंजी बंद करा. पण आधी बायांच्या सह्यांचा अर्ज लागतो. मंग साहेब येऊन सह्या तपासतात, मंग मतदान."

"बाया करतीलच की."

"करतील. पण एक ध्यानात ठेव, आलेल्या मतांतली निम्मी चालत न्हाईत. गावात जेवढ्या बाया मतदार हायेत त्यांतल्या निम्म्याहून जास्ती जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. जी घरी बसली ती उभ्या बाटलीकडं गेली असंच धरायचं." शकुंतलाबाईनं इकडेतिकडे पाहिलं. "अन् माझं नाव पुढं करू नको, बाई. मी मानधनावरची."

करुणा सतरा वर्षांची होती. तिची स्वतःची सही त्या अर्जावर चालणार नव्हती.

कॉलेजातून आली की ती अर्ज घेऊन निघायची. बौद्धवाड्यात सोपं गेलं. बाया चुलीवरून उठून यायच्या, कोणी सही करायची, कोणी अंगठा. पारुबाईनं तर अंगठा दोनदा उठवला, पहिला पुसट आला म्हणून. तिच्या सुनेच्या कपाळावर अजून टाके होते. गावात जाताना मात्र करुणाचा पाय जड व्हायचा. ओट्याच्या खाली उभं राहून बोलायचं, वरच्या बाया ऐकून घ्यायच्या आणि घरातल्या माणसाकडे पाहायच्या. एक म्हातारी म्हणाली, "तुहा बाप त्याच दुकानात बसतो न्हवं? मंग त्याला उठव की आधी." ओट्यावरच्या सगळ्या हसल्या. करुणाही थोडी हसली, कारण काय करावं ते तिला कळेना. मग त्याच म्हातारीनं हात पुढं केला. "आण, कुठं अंगठा लावू."

मंजुळाबाईनं सही केली. माऊलीनं स्वतः पेन आणून दिलं. "दुकान उठू दे," तो म्हणाला, "दुसऱ्या दिशी पोरीला स्टॉपवर आणून सोडतो. माझा सबुद."

आत साधना जात्यापाशी बसली होती. तिनं मान खाली घातली, पण ती हसत होती हे करुणाला दिसलं.

आपल्या आईचं नाव करुणानं शेवटी ठेवलं होतं. अर्ज तिनं रविवारी दुपारी घरात काढला. बेबीबाईला सही यायची, प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकली होती. तिनं पेन घेतलं आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"करू का?"

प्रेमानंद वाकडा पाय लांब करून दाराशी बसला होता. 

"तुहं मत तुहं हाय," तो म्हणाला.

"दुकान गेलं तर काय करता मंग?"

"म्या कोठं म्हणलं जाऊ देऊ नको म्हणून?" त्यानं पाय जवळ ओढला. "त्या पोरीची ओढणी म्याच उचलली होती. कर सही."

बेबीबाईनं सही केली. सावकाश, एकेक अक्षर.

*

सह्या तपासायला दारूबंदीचे साहेब शाळेत आले. एकेक बाई आत जायची, साहेब विचारायचे, सही तुमचीच का, राजीखुशीनं केली का. बाहेर शाळेच्या निंबाखाली दगडोबा खुर्ची टाकून बसला होता. तो कोणाला काही बोलला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला नावानं हाक मारून एवढंच विचारायचा, "काय पारुबाई, बरं हाय ना? नातू कसा हाय? उद्या खालच्या पट्टीत हळदीची खांदनी हाय, या बरं."

पारुबाई आत गेली आणि बाहेर आली.

"काय झालं मावशी?" करुणानं विचारलं.

"म्या म्हणलं, अंगठा माझा न्हाई."

"काहून?"

पारुबाईनं पदरानं तोंड पुसलं. "उद्या खांदनी हाय," ती म्हणाली आणि चालू लागली.

आणखीही काही जणींनी तसंच सांगितलं. तरी सह्या पुरल्या. साहेबांनी कागद बॅगेत घातले, मतदानाची तारीख कळवू म्हणाले. करुणा घरी पळत आली.

घरी प्रेमानंद आधीच आलेला होता. दिवस अजून वर होता. त्या वेळेला तो कधी घरी नसायचा.

"मालक म्हणले, पोरीचं मतदान होऊ दे, मंग बघू," तो म्हणाला. "तवर आराम कर म्हणले. लई चांगल्या तोंडानं बोलले."

दुसऱ्या दिवशी बेबीबाई दगडोबाच्या पट्टीत हळद खणायला गेली, तर मुकादमानं तिला बांधावरच थांबवलं. बाया जास्ती झाल्यात, म्हणाला. बाकीच्या बाया वाफ्यात उतरल्या. बेबीबाई कुदळ खांद्यावर घेऊन तिथंच थोडा वेळ उभी राहिली. मग परत आली आणि कुदळ कोपऱ्यात ठेवली.

*

त्यानंतर कोणी बोलवावं अशी वाट पाहण्यात दिवस जाऊ लागले. माऊलीनं बोलावलं. त्याची हळद थोडी होती, पण सगळी निघाली नव्हती आणि मजूर सगळे दगडोबाकडे. बेबीबाई आणि कॉलेजला सुटी असेल तेव्हा करुणा त्याच्या शेतात जाऊ लागल्या. माऊली पुढं पाला कापायचा, बाया मागून कुदळीनं गड्डे उपटायच्या. जमीन वरून वाळलेली, आत चिकट. गड्डा निघताना मातीचा ढेकूळ घेऊनच यायचा, तो आपटून आपटून झाडावा लागे. दुपारपर्यंत तळहाताची कातडी सोलायची, आणि हळदीचा रस तिथं चरचरायचा.

प्रेमानंदही यायचा. त्याला उभं राहून खणणं जमत नव्हतं. तो बसून, सरकत सरकत, मागं राहिलेली हळकुंडं वेचायचा. माऊली त्याच्याशी जास्त बोलत नसे, पण पाणी प्यायला थांबला की त्यालाही हाक मारी.

साधना करुणाच्या शेजारच्या वाफ्यात खणायची.

"इंग्रजीचे किती धडे झाले?" ती विचारायची.

"दोन राहिलेत. तुला सगळं लिहून देते म्या."

"बाबानं मामाला निरोप धाडलाय. पोरगं बघ म्हणून." साधनानं गड्डा आपटला. "पण म्हणले, दुकान उठलं तर बारावी होऊ देतो. माझ्यासमोर म्हणले."

"उठतंय."

"बराबर उठतंय?"

"बाया येनार हायेत, साधना. गावातल्यासुदिक. म्या घरोघर जाऊन आले."

साधनाचे दोन्ही हात पिवळे होते. त्या हातानंच तिनं केस मागं सारले, तिच्या कपाळावर पिवळा पट्टा उमटला. करुणाला हसू आलं. साधनाही हसली. माऊली पुढून म्हणाला, "हात चालू द्या, बायांनो."

हळद निघाली. अंगणात आणि अंगणाबाहेर ढीग लागला. आता ती शिजवायला हवी होती. कुकर दगडोबाचा. माऊली रोज सकाळी त्याच्याकडे जायचा. आज पुंजाजीचा नंबर हाय, उद्या नदीपल्याडच्यांचा हाय, असं मुकादम सांगायचा. माऊलीच्या मागून हळद काढलेल्यांची शिजून, वाळत पडली. माऊलीच्या ढिगात हात घातला तर आत गरम लागायचं. खालच्या हळकुंडांवर पांढरी बुरशी दिसू लागली. मंजुळाबाई रोज ढीग उलथा करायची, सडकी हळकुंडं वेचून बाहेर टाकायची.

एकदा माऊली तिकडून आला आणि बांधावर बसून राहिला. करुणानं पाणी दिलं. त्यानं तांब्या घेतला, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

*

मतदान रविवारी होतं. शाळेच्या एका खोलीत पेटी ठेवली होती. दाराशी पोलीस, आत तहसीलचे साहेब आणि दोन शिक्षक. फाटकापासून लांब चुन्याची रेघ ओढली होती. मतदार नसलेल्यांनी त्या रेघेच्या आत यायचं नाही. करुणा रेघेबाहेर उभी राहिली.

बेबीबाई सगळ्यांत आधी गेली. धुतलेलं लुगडं नेसून, डोक्यावरून पदर घेऊन. बाहेर आली तेव्हा बोटाला शाई होती. ती शाई तिनं करुणाला दाखवली.

बौद्धवाड्यातल्या बाया आल्या. गावातल्याही आल्या, ती ओट्यावरची म्हातारी नातवाच्या खांद्याला धरून आली. ऊन चढेपर्यंत रांग चांगली होती. मग रांग तुटली. करुणानं वाट पाहिली. कोणीच येईना, तेव्हा ती शकुंतलाबाईकडे गेली.

"दगडोबाचे दोन ट्रॅक्टर सकाळी गेले," शकुंतलाबाई हळू आवाजात म्हणाली. "भरून बाया गेल्या. नदीपल्याडच्या शेतात. रोज दुप्पट अन् जेवन. अन् ऊसतोडीला गेलेल्या तर हायेतच की भायेर."

"मंजुळाकाकू आल्या न्हाईत अजून."

"त्यांच्याकडं आज कुकर आलाय, पहाटीच."

करुणानं कोणाची तरी सायकल घेतली. आधी नदीपल्याड गेली. पट्टीत बाया ओळीनं वाकलेल्या होत्या. पारुबाईची सून होती, बौद्धवाड्यातली मिराबाई होती. सुनेच्या कपाळावरच्या टाक्यांची खूण पदराखालून दिसत होती.

"चला ना," करुणा म्हणाली. धाप लागल्यामुळं तिला नीट बोलता येत नव्हतं. "शिक्का मारायला कितीसा येळ लागतो. म्या सायकलीवर एकेकीला नेते."

बाया उभ्या राहिल्या. मुकादम बांधावर होता. तो म्हणाला, "ज्याला जायचं त्यानं जावं. म्या कोणाला धरलं न्हाई. फक्त गेली तिनं पुन्हा या शेतात पाय ठेवायचा न्हाई."

मिराबाईनं पारुबाईच्या सुनेकडे पाहिलं. सून म्हणाली, "करुणा, तू माझ्याहून जास्ती शिकलेली हायेस. तूच सांग, उद्या काय करू?"

करुणानं सायकल वळवून धरली.  एक बाई, पुंजाजीची विधवा बहीण, कुदळ टाकून तिच्याबरोबर निघाली. बाकीच्या पुन्हा वाकल्या.

तिला शाळेपाशी सोडून करुणा माऊलीकडे गेली. अंगणाबाहेर कुकर पेटला होता. वाफेचा वास लांबूनच येत होता. मंजुळाबाई शिजलेली हळद घमेल्यात घेऊन पसरत होती, साधना जाळ घालत होती. दोघींची तोंडं लाल, घामानं केस चिकटलेले.

"काकू, पेटी पाचला बंद व्हते."

मंजुळाबाईनं घमेलं खाली ठेवलं. नवऱ्याकडे पाहिलं.

माऊली कुकरच्या नळीपाशी बसला होता. "कुकर आज संध्याकाळपातूर दिलाय," तो म्हणाला. "अर्धी हळद सडली माझी. उरलेली आज शिजली न्हाई तर उकिरड्यावर टाकावी लागंल."

"म्या घमेली उचलते, काका. काकूला जाऊ द्या. ह्या गेल्या अन् आल्या."

"मी करते की, बाबा," साधना म्हणाली. "माय, तू जाय."

"कोणी जात न्हाई," माऊली म्हणाला. आवाज चढवला नाही. "कुकर देताना त्यायनं एकच गोष्ट सांगितली. घरातली बाई आज घरच्याच कामावर राहू दे म्हणले. म्या व्हय म्हणलं."

"पण तुमीच पेन आणून दिलं होतं, काका."

माऊलीनं जाळाकडे पाहिलं. "व्हय, दिलं होतं."

मंजुळाबाईनं घमेलं पुन्हा उचललं. साधना तशीच उभी राहिली, हातात लाकूड धरून. करुणानं तिच्याकडे पाहिलं, तिनं करुणाकडे. दोघींपैकी कोणालाच मत नव्हतं.

*

मोजणी शाळेतच झाली. फाटक उघडलं तेव्हा माणसं आत शिरली. करुणा आईचा हात धरून भिंतीशी उभी राहिली. प्रेमानंद बाहेर फाटकाला टेकून होता.

साहेबांनी वाचून दाखवलं. गावातल्या एकूण महिला मतदार चारशे बारा. आडवी बाटली, एकशे एक्याऐंशी. उभी बाटली, नऊ. बाद, चार.

एकशे एक्याऐंशी आणि नऊ. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. कोणीतरी टाळी वाजवली. ती म्हातारी म्हणाली, "जितलो ना मंग?"

"आडव्या बाटलीला दोनशे सात मतं लागत होती," साहेब म्हणाले. "ती पडली नाहीत. दुकान चालू राहील. वर्षभर पुन्हा मतदान मागता येणार नाही."

करुणा पुढं झाली.  "सर, यादीतल्या किती तरी बाया मेल्या हायेत. माझी आजी हाय त्यात, कमलबाई. ती वारून तीन वर्सं झाली. तिचं मत कोणाकडं धरलं?"

साहेब तरुणच होते. त्यांनी चष्मा काढला. "नाव कमी करून घ्यायला हवं होतं, बाळ. यादीत नाव आहे म्हणजे मतदार आहे."

"अन् ऊसतोडीला गेलेल्या?"

"त्याही."

"म्हंजी त्या सगळ्या उभ्या बाटलीकडं."

"कोणाकडंच नाही. पण निम्म्याहून जास्त आडवीला नाहीत, एवढंच मला पाहायचं असतं." त्यांनी कागद गोळा केले. "तुमच्या गावात कोणी एकानं तरी दुकान पाहिजे म्हणून येऊन सांगितलं का? नाही ना? मलाही दिसतं ते. पण मी काही करू शकत नाही."

त्यांनी पेटीला दोरी बांधली. शिपायानं ती उचलून जीपमध्ये ठेवली. बाया हळूहळू निघाल्या. म्हातारी नातवाला विचारत होती, जास्ती मतं आपली, मग दुकान काहून राहिलं. नातू तिला नीट सांगू शकला नाही.

तिघं घरी निघाली. प्रेमानंद मागं राहायचा, दोघी थांबायच्या, तो आला की पुन्हा चालायच्या.

*

साधनाचं लग्न चैत्रात झालं. मुलगा वसमतकडचा, घरची हळद असलेला. करुणा लग्नाला गेली. बायकांच्या गर्दीत ती मागं उभी होती. साधनानं तिला पाहिलं आणि जवळ बोलावलं, पण मध्ये माणसं आली, आणि नंतर तिला गाडीत बसवलं.

बेबीबाईला कोणी कामाला बोलावत नव्हतं. माऊलीकडे आता काम उरलं नव्हतं. ती पहाटे उठून शेजारच्या गावांत काम मिळतं का ते पाहायला जायची. कधी मिळायचं, कधी दुपारीच परत यायची.

एका सकाळी प्रेमानंदनं आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि तो निघाला. कुठं निघाला ते कोणी विचारलं नाही. दुकानासमोर निंबाखाली तो उभा राहिला. दगडोबा आत होता. गिऱ्हाइकं आली, गेली. ऊन डोक्यावर आलं तेव्हा दगडोबानं मान बाहेर काढून म्हटलं, "अरे, तू कवाचा उभा हायेस? सांगायचं न्हाई का." आणि त्याला ठेवून घेतलं. खिडकीत आता दुसरा माणूस बसवला होता. प्रेमानंदनं पेले धुवायचे आणि बाहेर पडलेल्या रिकाम्या बाटल्या गोळा करायच्या.

करुणाला हे आईनं सांगितलं. तिनं ऐकलं आणि दप्तर भरलं. सुटीचे वर्ग सुरू झाले होते, बारावीचे.

दुसऱ्या दिवशी ती स्टॉपवर आली. निंबाखाली दोन म्हाताऱ्या आणि एक लेकुरवाळी बाई बसची वाट पाहत होत्या. सगळ्या दुकानाकडे पाठ करून उभ्या. करुणाही तशीच उभी राहिली. मागून हसण्याचा आवाज आला.

"प्रेमानंद, आडवी झाली रे."

ती वळली नाही. पुन्हा आवाज आला. "हिकडंबी एक आडवी झाली. उभी कर."

आता ती वळली. दुकानासमोर पाच-सहा माणसं उकिडवी बसली होती. प्यायल्यावर ती बाटली खाली ठेवत आणि बोटानं लोटून आडवी करत. प्रेमानंद लंगडत त्या बाटलीपाशी यायचा. वाकता येत नव्हतं म्हणून वाकडा पाय बाजूला लांब करायचा, एक हात जमिनीवर टेकायचा, दुसऱ्या हातानं बाटली उभी करायचा आणि टेकलेल्या हाताच्या जोरावर उठायचा. तो उभा राहीपर्यंत दुसऱ्यानं आपली आडवी केलेली असायची.

"बराबर उभी कर. मतदानात आपलीच आलीय."

सगळे हसले. प्रेमानंदही हसत होता. घामानं सदरा पाठीला चिकटला होता, आणि तो त्यांच्याबरोबर हसत होता. आत गल्ल्यावर दगडोबा पेपर वाचत बसला होता. तो हसला नाही आणि कोणाला थांब म्हणालाही नाही.

करुणानं दप्तर खाली ठेवलं.  ती बापाजवळ गेली. त्यानं तिला पाहिलं आणि त्याचं हसणं अर्ध्यावर थांबलं.

"बस येईल आता," तो म्हणाला. "जाय तू."

"तुमी बसा, बाबा."

"जाय म्हणतो ना."

"बसा तुमी थोडं."

तिनं त्याच्या दंडाला धरलं आणि निंबाच्या बुंध्याशी नेऊन त्याला टेकवलं. तो टेकला. पाय लांब केला आणि दुसरीकडे तोंड केलं.

करुणा वाकली. पहिली बाटली तिनं उभी केली. मग दुसरी. एक माणसाच्या पायामागं गडगडत गेली होती, तीही तिनं हात घालून काढली. बाटल्यांच्या तोंडाशी उरलेले थेंब बोटांना लागत होते. ती एकेक करून भिंतीच्या कडेनं सगळ्या ओळीनं उभ्या करत गेली.  एक जण उठून मागं गेला आणि लघवीला गेल्यासारखा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. गल्ल्यावरचा पेपर एकदा सळसळला.

रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. म्हाताऱ्यांनी गाठोडी उचलली. लेकुरवाळ्या बाईनं करुणाचं दप्तर पाहिलं आणि तिला हाक मारावी की नाही, अशी ती थांबली.

राहिलेल्यांपैकी एकानं हातातली बाटली तोंडाला लावून संपवली. आजूबाजूला पाहिलं. मग ती हळूच, आवाज न करता, करुणाच्या पायाशी आडवी ठेवली.

करुणानं तीही उभी केली.